अळणी घास

१८ नोव्हेंबर

आलो एकदाचा. उधना स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन छान पडलं होतं आणि फलाटावरची निम्मी माणसं अहिराणी बोलत होती, त्यामुळे गाव सोडून आलोय असं वाटेचना. रिक्षावाल्याने हिंदीत विचारलं, मी गुजरातीत उत्तर दिलं (पुस्तकावरून शिकलोय, उच्चार अजून घासायचे आहेत), आणि त्याने भाडं मराठीत सांगितलं. शिरपूरचा निघाला.

आमच्या मार्गदर्शक वशीमॅडम म्हणतात, क्षेत्रकार्याच्या नोंदी वेगळ्या आणि स्वतःची रोजनिशी वेगळी. नोंदींत लोकांचं, रोजनिशीत आपलं. तर आपलं लिहितो. मी भगवंत सुरवाडे, वय एकोणपन्नास. भुसावळला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं. शाळा नववीत सुटली होती; पुढचं सगळं स्वतःच्या हिमतीवर. आधी मुक्त विद्यापीठाची पदवी, आता वैद्यकीय मानवशास्त्रात एम.ए. वर्गातली मुलं पहिल्या दिवशी मला बघून उभी राहिली. मी त्यांच्याच बाकावर जाऊन बसलो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

प्रबंधाचा विषय असा: सुरतेतले खानदेशी कामगार आजारपण कसं समजतात, कसं सांगतात आणि त्यावर घरच्या घरी काय काय करतात. माझी मुलगी प्रज्ञा म्हणाली, “हॉस्पिटलात जातात, अजून काय करणार पप्पा.” ती लॅब टेक्निशियन. नळीत उतरेल तेवढंच तिच्या लेखी खरं. हा गुण माझा.

खोली नवागाममध्ये, प्रमिलाबाईंच्या घरावर. लोखंडी जिना थेट त्यांच्या स्वयंपाकघरातून वर येतो, म्हणून फोडणीपासून भांडणापर्यंत सगळं ऐकू येतं. संशोधकाला यापेक्षा काय हवं. त्यांचा मुलगा योगराज बमरोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आहे. यजमान धुडकूभाऊ पडद्यामागे खाटेवर असतात. अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून वाचा बंद. माझ्याकडे बघून नुसता हात हलवला.

खोली स्वच्छ आहे. कोनाड्यात आधीच्या भाडेकरूची प्लास्टिकची बरणी राहिली होती, अर्धी खडेमिठाने भरलेली. टाकून देणार होतो, पण ठेवली. मीठ कामाला येतं.

२३ नोव्हेंबर

पहिली मुलाखत सुपडूबाबांची. जन्मतारीख आधारकार्डावर एक, तोंडी दुसरी. दोन्ही उतरवून घेतल्या. उभी हयात लूमच्या खात्यात (कारखान्याला इथे खातं म्हणतात) गेली. काम सुटलं तरी लूम कानात चालूच आहे म्हणतात. खटक-खटक, झोपेतसुद्धा. सून बोलते तेव्हा तिच्या ओठांकडे बघून उत्तर देतात. “शेठनी माले घर धाडं, पन लूम संगे दी दिना,” म्हणाले, आणि स्वतःच हसले.

संमती रीतसर घेतली. मी काय विचारणार, कशासाठी, नको वाटलं तर मध्येच कसं थांबवायचं, सगळं सोप्या भाषेत सांगितलं. समोरच्याला पुरतं कळल्याशिवाय त्याचा होकार हा होकार नसतो. वर्गात या विषयावर माझ्याइतकं नेमकं कोणी बोलत नाही.

एक बारीक गोष्ट. चहाच्या आधी सुनेने पितळी वाटीत गार भाताचा मुटका आणला. वाटी घेऊन ती आधी बाबांच्या खाटेभोवती फिरून आली. जागा अडचणीची आहे, वळून यावं लागत असेल. मी खाल्ला. सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते. घास उतरल्यावर सून म्हणाली, “गोड शे ना, भाऊ?” मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो. तिसऱ्यांदा बाबांनी स्वतः विचारलं. म्हटलं, गोड आहे बाबा.

भात ठार अळणी होता. पण कोणी वाढलेल्याला नाव ठेवायचं नाही, हे आनंदीने, माझ्या बायकोने, मला शिकवून ठेवलं होतं. ती गेली दोन वर्षांपूर्वी. सवय राहिली.

ही रीत मी भुसावळला पाहिली नाही, धुळ्याकडे पाहिली नाही. या गल्लीचीच दिसते. नोंदीत ‘आतिथ्य’ या मथळ्याखाली घातली.

परत आलो तर जवळच कुठेतरी लूम चालू होता. प्रमिलाबाईंना विचारलं, इथे जवळ लूमचं खातं आहे का? त्या कणीक मळत होत्या. “असंल,” म्हणाल्या, वर न बघता.

२ डिसेंबर

सुवर्णाताई. घरीच साड्यांचे धागे कापायचं काम करतात. उजव्या हाताची बोटं बधिर झालीत. कात्री हातात आहे की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. चटका बसला तरी कळत नाही. परवा पोळी उलटताना मांस जळल्याचा वास आला तेव्हा हात बघितला, असं त्यांनी फार शांतपणे सांगितलं.

इथेही आधी भाताचा मुटका. इथेही वाटी त्यांच्यावरून फिरवून आणली, तेव्हा ही अडचणीच्या जागेची बाब नव्हे हे पक्कं झालं. इथेही तीनदा विचारलं. मी तीनदा गोड म्हटलं. सुवर्णाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक किती मायाळू आहेत.

माझ्या आजीला गावात ओट्याखाली उभं करून वरून वाढत. तिच्या नातवाला इथे घराच्या आत, खाटेशेजारी बसवून पहिला घास देतात. फोनवर प्रज्ञाला हे सांगताना माझा आवाज जरा हलला. ती म्हणाली, पप्पा, भावूक होऊ नका आणि शुगर तपासून घ्या.

९ डिसेंबर

लखन, वय पस्तीस. डाइंगमध्ये उभं राहून राहून दोन्ही पाय लाकूड झालेत, भिंत धरून चालतो. मस्करीत मात्र पक्का. मला म्हणाला, “मास्तर, या वयात शिकून डॉक्टर होणार का पेशंट?” मी म्हटलं, संशोधक. तो गुजरातीत म्हणाला, “चालशे.” भात दिला. मी खाल्ला. गोड शे ना. गोड आहे.

कानातलं नीट लिहून ठेवायला हवं. लूमचा आवाज थांबत नाही. पहिल्यांदा वाटलं गल्लीतलं खातं. सगळी गल्ली पायी फिरलो. साड्यांचे गठ्ठे आहेत, पिकोफॉलची यंत्रं आहेत, लूम एकही नाही. कापूस घातला तर आवाज वाढला. म्हणजे बाहेरून येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी पडदा साफ असल्याचं सांगितलं. या वयात कान वाजतात. याला वैद्यकीय नाव आहे आणि ते मला ठाऊक आहे.

जाताना सुपडूबाबा ओट्यावर पाठमोरे बसले होते. आतून नातवंडाने हळूच हाक मारली. बाबा वळले.

१४ डिसेंबर

चहाचा पेला हातातून सुटला. उजवा हात. पेला धरलाय असंच वाटत होतं. मणक्याची नस दाबली गेली की असं होतं. रोज लिहितो, मान खाली असते.

येताना सुवर्णाताई दारात दिसल्या. साडीवरून कात्री अशी भरभर चालत होती की बघत राहावं. गाणं म्हणत होत्या. मला बघून गाणं थांबलं, आणि त्यांनी पदर डोक्यावर घेतला, मोठ्या माणसाला बघून घेतात तसा.

१९ डिसेंबर

जिन्यावर पाय उचलेना. कठडा धरून चढलो.

खाली लखन आला होता प्रमिलाबाईंकडे. चालत आला. भिंतीला हात न लावता.

मी योगायोग मानणारा माणूस आहे. पण दवाखान्यात एकाच घरातले तिघे एकाच तक्रारीने आले तर मी डॉक्टरांच्या आधी विहिरीचं पाणी विचारायचो. मग इथेच विचारायला मला लाज कसली वाटते?

२० डिसेंबर

विचारलं. प्रमिलाबाई तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं टाळतील, पण त्यांनी काहीच लपवलं नाही. मी आधीच का विचारलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

म्हणाल्या, दुखणं अंगावरून उतरवायचं तर ते कुठेतरी ठेवावं लागतं. गावी तिठ्यावर ठेवता येतं, शिवेवर ठेवता येतं. इथे चौक कोणता आपला नाही? चारी बाजूंनी आपलीच पोरं शाळेत जातात. एकदा ठेवलं होतं दिंडोलीच्या रस्त्याला, ते ओलांडलं कोणी तर लखनच्या भावाच्या मुलीने. ती पोरगी राहिली नाही. तेव्हापासून गल्लीने ठरवलं की रस्त्यावर टाकायचं नाही. बाहेरच्या एकट्या माणसाला द्यायचं, आणि चोरून द्यायचं नाही, विचारून द्यायचं. “तीनदा विचारतो आम्ही, मास्तरभाऊ. तुम्ही बी विचारूनच घेता ना?”

मी विचारलं, माझी जात बघून दिलं का? आजीला गावात उताऱ्याचीच भाकर मिळायची, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना खरंच लागलं ते. म्हणाल्या, जात नाही भाऊ, तुमच्या आधी इथे ओडिया होता तो बामण होता. इच्छापोरला कामाला जायचा. माणूस एकटा पाहिजे, आणि गोड म्हणणारा पाहिजे. तुम्ही तर घरोघर जाऊन दुखणं मागत होतात. असा कोणी याआधी आलाच नव्हता.

तो ओडिया कुठे आहे? त्याला न्यायला कोणी आलं नाही, म्हणाल्या.

आणि मीठ? तो नंतर जिभेवर मीठ ठेवायचा. त्याने काय होणार, म्हणाल्या. भात तोंडात असतानाच सांगावं लागतं की अळणी आहे. तेवढं म्हटलं की वाटी परत जाते. कोणी म्हणत नाही. पाहुणे असतात ना.

२३ डिसेंबर

तीन दिवस विचार केला. पेटी भरून भुसावळला जाणं सोपं आहे. पण गेलो तर गेलो कशामुळे? अळणी भाताला भिऊन? आयुष्यभर लोकांच्या गळ्यातले गंडे कात्रीने कापले मी, आई-बापांसमोर, आणि मग औषध दिलं. मी पळालो तर प्रबंधात काय लिहू?

प्रयोगाचं उत्तर प्रयोगानेच द्यायचं. धुडकूभाऊंचा भात मला अजून दिलेला नाही. प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या, तुमची माया लागली, म्हणून आमच्या घरचं ठेवलं मागे. मी आज त्यांना सांगितलं, आणा. उद्या भरदिवसा, शुद्धीत, सगळं माहीत असताना खातो. मला काही झालं नाही तर गल्लीने हे बंद करायचं. योगराज म्हणाला, काका, राहू द्या. मला त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी तेव्हा भीती समजलो.

ती आशा होती.

२४ डिसेंबर

खाल्ला. दुपारी, उजेडात. प्रमिलाबाईंनी तीनदा विचारलं, दर वेळी थांबून, माझ्याकडे नीट बघून. मी तीनदा स्पष्ट म्हटलं, गोड आहे. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानेच.

संध्याकाळी प्रज्ञाशी भरपूर बोललो. आवाज उत्तम. नोंद केली.

२५ डिसेंबर

सकाळी खालून एक पुरुषी आवाज आला. चहात साखर कमी का, असं विचारत होता. घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. मग प्रमिलाबाईंचं रडणं.

मी वरून विचारणार होतो, कोण आलंय.

तोंड उघडलं.

२८ डिसेंबर

नाही. काहीच नाही. गुळणी केली, वाफ घेतली, घशात टॉर्च मारून आरशात पाहिलं. सूज नाही. जीभ हलते. फक्त—

धुडकूभाऊ जिना चढून आले. माझ्या पायांना हात लावला. म्हणाले, देवमाणूस. मी मान हलवून नको नको म्हणत होतो. त्यांना तो विनय वाटला.

१ जानेवारी

पाय गुडघ्यापर्यंत गेले. पेन्सिल बोटांना साडीच्या धाग्याने बांधून लिहितोय. अक्षर बिघडलं. माझं अक्षर बघून लोक मला फळ्यावर लिहायला बोलवायचे.

मला इथे कोणी त्रास देत नाही. जेवण येतं, मीठ घातलेलं, उत्तम. लखन पाठीवर घेऊन खाली संडासात नेतो. मस्करी करत नाही आता.

प्रज्ञाचे फोन. उचलतो, बोलता येत नाही, ठेवतो. मेसेज केला: बरा आहे. येऊ नको. चुकत चुकत, डाव्या हाताने.

मी असं कधी तोडकं लिहीत नाही हे तिला माहीत आहे.

५ जानेवारी

प्रमिलाबाई आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, त्या ओडियाला कोणी नव्हतं, म्हणून आमचा इलाज चालला नाही. तुम्ही आमच्या यजमानांना बोलतं केलं. तुम्हाला असं टाकणार नाही आम्ही. कोणी बाहेरचं आलं की तुमच्या अंगावरून उतरवू.

मी मान हलवली. नको.

मग त्या म्हणाल्या, तुमच्या मुलीचा फोन होता. मी सांगितलं, ये बेटा.

८ जानेवारी

मेसेज: काही खाऊ नको. इथे काही खाऊ नको.

उत्तर आलं: बाहेरचं नाही खात पप्पा. घरचंच जेवेन. काकूंनी सांगितलंय जेवायला. रविवारी येते.

पुन्हा लिहिलं. बोट कुठे पडतं कळत नाही. काय गेलं माहीत नाही. तिने हसरा चेहरा पाठवला. मग फोन केला. मी श्वास तेवढा ऐकवला. ती रडली.

११ जानेवारी

रविवार. गच्च्यांवर पतंग. पोरं ओरडताहेत, काप्यो छे, काप्यो छे. लूमच्या आडून ऐकू येतं. सुपडूबाबांसारखाच आवाज वेगळा काढायला शिकलोय—

प्रमिलाबाई सकाळी आल्या. पितळी वाटी. माझ्या खाटेभोवती फिरल्या. मी वाटीवर हात मारला. हात पोचला नाही.

प्रज्ञा आली. पप्पा पप्पा करत जिना चढली, माझं डोकं धरलं, नाडी पाहिली, डोळे पाहिले. आजच नेते म्हणाली, गाडी बोलावते. मी वही दाखवली. तिने हळूच मिटून उशाशी ठेवली. थकू नका. खालून हाक आली, बेटा, आधी दोन घास खाऊन घे. गेली.

खाली ताट मांडलं जमिनीवर. पतंगवाल्या पोरांच्या ओरड्यात—

ती खरं बोलेल. मीच शिकवलंय. रिपोर्टात आहे तेच सांगायचं. पण आनंदीनेही शिकवलंय, ताटाला नाव—

विचारलं. गोड शे ना, पोरी?

प्रज्ञा म्हणाली, मीठ राहिलं वाटतं काकू.

शाब्बास. शाब्बास गं.

वाटी मागे घेत नाहीत. आता सांगताहेत तिला. सगळं. काही लपवत नाहीत. तुझ्या बापावरून उतरवलंय, गोड म्हटलीस तर तो उठेल, नाही तर नाही. तुझ्या अंगावर येईल. विचार कर मग बोल. रीतसर—

हे पान फाडून खाली टाकतो. प्रज्ञा, अळणी म्हण. ते खरं आहे. मी चुकीचं उत्तर दिलं होतं. तुझा विश्वास नाही म्हणून गंमत म्हणून सुद्धा—

ती हसली. म्हणाली, एवढंच ना काकू? गोड आहे.

दुसऱ्यांदा. गोड.

फाटत नाही पान बोटांत—

तिसऱ्यांदा. गोड आहे म्हटलं ना.

थांबला.

लूम थांबला. पतंगाचा कागद फडफडतोय, इतका स्पष्ट. पेन्सिल टोचते आहे बोटाला. पाय—

हाक मारली. माझाच आवाज. पुन्हा मारली, जिन्याकडे तोंड करून, जोरात. ती वळून बोलत नाही. खाली प्रमिलाबाईंना विचारते आहे, काकू, इथे जवळ कुठे लूम